ग्रुपवर टाकलं होतं की!

या वेळची बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. माहिती डेटाबेसमध्ये पडलेली, माणसं स्लॅकवर, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या निरोपांच्या ॲपवर बसलेली, आणि दोघांची गाठ एनएटएनने (n8n) घालायची. ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी: एनएटएन हे बर्लिनच्या एका कंपनीचं, २०१९ साली आलेलं साधन; वेगवेगळी ॲप जोडून वर्कफ्लो, म्हणजे एकामागोमाग आपोआप होणाऱ्या कामांची साखळी, त्यात बनवता येते. झेपियर किंवा मेक ही साधनं करतात तेच काम ते करतं, पण आपल्याच मशीनवर बसवता येतं, म्हणून नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांना ते परवडतं. पत्रं थोडी छाटली आहेत आणि नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. पिंपळगाव बसवंतला आमचं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. प्रीकूलिंगच्या चार खोल्यांचे सेन्सर दर मिनिटाला तापमान पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टेबलमध्ये टाकतात. भाच्याने एनएटएनवर वर्कफ्लो करून दिला : दर मिनिटाला शेवटचं रीडिंग बघायचं, मर्यादेच्या वर असेल तर स्लॅकच्या चॅनलवर मेसेज. फेब्रुवारीत एका रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि सकाळपर्यंत दोनशेच्या वर मेसेज पडले. तेव्हापासून सगळ्यांनी चॅनल म्यूट केलंय. सुपरवायझरला विचारलं तर म्हणतो, ‘ग्रुपवर आलं होतं की.’ मेसेज कमी कसे करायचे?

उत्तर : भाऊ, म्यूट करणाऱ्यांना बोल लावू नका. रात्री दोनला फोन दर मिनिटाला वाजायला लागला तर मीही तेच करीन. त्या रात्री सांगण्यासारख्या गोष्टी दोनच होत्या : खोली बिघडली आणि खोली सुधारली. मधल्या वेळात नवीन काहीच घडलं नव्हतं.

भाच्याच्या वर्कफ्लोला मिनिटापूर्वी आपण काय बोललो ते आठवत नाही. आठवण ठेवायची जागा डेटाबेस. रीडिंगच्या टेबलला हात लावू नका. शेजारी ‘बिघाड’ नावाचं छोटं टेबल करा. कॉलम पाचच : खोली, कधी सुरू झाला, कधी संपला, कधी कळवलं, आणि स्लॅकच्या मेसेजची खूण.

आता एका वर्कफ्लोचे दोन करा. पहिल्याने स्लॅककडे बघायचंच नाही. दर दोन मिनिटांनी उठायचं, आणि एखाद्या खोलीची गेल्या दहा मिनिटांतली सगळी रीडिंग मर्यादेच्या वर असतील तरच ‘बिघाड’मध्ये ओळ घालायची. दहा मिनिटं अशासाठी, की पॅलेट आत-बाहेर करताना दार उघडं राहतं, तापमान थोडा वेळ चढतं आणि आपलं आपण उतरतं. त्याची बातमी कोणालाच नको असते. सगळी रीडिंग पुन्हा मर्यादेत आली की याच वर्कफ्लोने त्या ओळीत ‘संपला’ची वेळ भरायची.

एका खोलीचा एका वेळी एकच बिघाड उघडा राहावा, ही जबाबदारी मात्र वर्कफ्लोवर टाकू नका. पोस्टग्रेसमध्ये पार्शल इंडेक्स करता येतो. ज्या ओळींत ‘संपला’ रिकामा आहे तेवढ्याच ओळींपुरता खोलीवर युनिक इंडेक्स (तीच खोली दुसऱ्यांदा येऊ न देणारा) लावा आणि ओळ घालणाऱ्या इन्सर्ट कमांडच्या शेवटी ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ जोडा. दुसरी ओळ घालायचा प्रयत्न झाला तर डेटाबेस निमूटपणे सोडून देतो. ही सोय जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या ९.५ आवृत्तीपासून आहे, त्यामुळे तुमचं पोस्टग्रेस जुनं असलं तरी बहुधा अडणार नाही.

दुसरा वर्कफ्लो ‘कळवलं’ रिकामं असलेल्या ओळी उचलतो, स्लॅकवर मेसेज टाकतो आणि मग वेळ भरतो. क्रम हाच ठेवा. आधी वेळ भरली आणि नेमकं तेव्हा नेट गेलं, तर टेबल म्हणणार कळवलं, आणि माणसं झोपलेली. उलट्या बाजूने बिघडलं तर फार तर एक मेसेज दोनदा जाईल. धोक्याच्या सूचनेत दोनदा चालतं, एकदाही न जाणं चालत नाही. बिलाच्या किंवा पेमेंटच्या मेसेजला मी हा नियम लावणार नाही, पण तो विषय वेगळा.

मेसेज गेला हे ठरवायचं कसं, यात एक खोच आहे. मेसेज टाकण्याच्या स्लॅकच्या एपीआयने, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामशी बोलायच्या त्याच्या खिडकीने, काम नाकारलं तरी एचटीटीपीचा कोड २०० येतो, म्हणजे वरून सगळं आलबेल. खरं उत्तर आत लिहिलेलं असतं, ‘ओके’ ट्रू की फॉल्स. मेसेज टाकणाऱ्या बॉटला चॅनलमध्ये इन्व्हाइट करायचं राहिलं असेल, तर तिथे फॉल्स आणि कारण म्हणून ‘नॉट इन चॅनल’ दिसतं. एनएटएनचा तयार स्लॅक नोड (नोड म्हणजे वर्कफ्लोमधला एक टप्पा) हे बघतो आणि एरर देतो. भाच्याने साधा एचटीटीपी रिक्वेस्ट नोड वापरला असेल, तर पुढे एक इफ नोड लावून ‘ओके’ तपासायला सांगा आणि मगच वेळ भरू द्या.

त्याच उत्तरात ‘टीएस’ नावाचा एक आकडा येतो. ती त्या मेसेजची खूण. ती पाचव्या कॉलमात ठेवलीत की खोली सुधारल्याचा मेसेज त्याच मेसेजच्या थ्रेडमध्ये टाकता येतो. सकाळी बघणाऱ्याला एका बिघाडाचा एकच धागा दिसतो : खोली २, कधी चढली, कधी उतरली. त्याखाली सुपरवायझरने ‘जनरेटर चालू केला’ असं लिहिलं तर उत्तमच.

आता तुम्ही न विचारलेलं. सेन्सर मेला तर तुमच्याकडे काय होतं? रीडिंग नाही, म्हणून मर्यादेच्या वर काही नाही, म्हणून शांतता. दहा मिनिटांत नोंदच नसेल तर तोही बिघाडच धरा. आणि लाईट गेल्यावर राउटर आणि एनएटएनचा कॉम्प्युटर चालू राहतो का, हे आधी बघा. खोलीबरोबर ओरडणाराही बंद पडत असेल तर वर सांगितलेलं सगळं कागदावरच राहील. दोन्हींना यूपीएस लावाच. शिवाय एनएटएनने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला नुसती हजेरी लावावी, आणि हजेरी चुकली की त्या सेवेने तुम्हाला कळवावं, अशी सोयही करता येते.

आणि स्पष्टच सांगते : रात्री माणसाला उठवायचं काम स्लॅकचं नाही. कंट्रोल पॅनेलवरून रिले घेऊन वॉचमनच्या केबिनबाहेर हूटर बसवा. त्याला इंटरनेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही आणि तो म्यूट होत नाही. तुमचा इलेक्ट्रिशियन दुपारभरात करून देईल. कधी झालं, किती वेळ चाललं, कोणी काय केलं, हे सगळं स्लॅक आणि टेबलमध्ये राहू द्या. चॅनलवरही सगळं गाव नको. जो उठून खोलीपर्यंत जाणार आहे तो आणि त्याच्यावरचा एक, एवढे पुरेत.

शेवटचं, भाच्याला विचारा की वर्कफ्लो कोणत्या युजरने डेटाबेसमध्ये शिरतो. ‘पोस्टग्रेस’ हाच युजर असेल तर आजच बदला. त्या युजरला टेबल उडवायचीही मुभा असते. रीडिंगवर फक्त सिलेक्ट (वाचणं), ‘बिघाड’वर सिलेक्ट, इन्सर्ट (घालणं) आणि अपडेट (बदलणं), एवढ्या परवानगीचा वेगळा युजर करा. राउटरवरून ५४३२ पोर्ट, म्हणजे पोस्टग्रेसचं दार, बाहेर उघडला असेल तर तोही बंद करा. स्लॅकवर मेसेज टाकायला आतून बाहेर जाणारी वाट पुरते, बाहेरून आत येणारी लागत नाही.

प्रश्न : मॅडम, अंबडला आमचं सीएनसी जॉबवर्क आहे. ऑपरेटर रिजेक्शनची नोंद स्लॅकवरून करतात. स्लॅश देऊन ‘रिजेक्ट’, मग जॉबकार्ड नंबर, नग आणि कारण. एनएटएन ती ओळ डेटाबेसमध्ये घालून महिन्याचा रिपोर्ट ताजा करतो आणि उत्तर देतो. दोन त्रास आहेत. काही नोंदी दोनदा पडतात, आणि काही पडतच नाहीत. ऑपरेटर म्हणतात, आम्ही टाकलं होतं.

उत्तर : ऑपरेटर खरं बोलताहेत. दोन्ही त्रासांची मुळं वेगळी आहेत.

दोनदा पडण्याचं आधी. स्लॅश कमांड आली की स्लॅकला तीन सेकंदांत पोच हवी असते. तुमचा वर्कफ्लो आधी ओळ घालतो, मग रिपोर्ट ताजा करतो, मग बोलतो. महिनाअखेरीला रिपोर्टला वेळ लागला की स्लॅक ऑपरेटरला ‘ऑपरेशन टाइमआउट’ दाखवतो. ओळ तर केव्हाच पडलेली असते. लाल अक्षरं बघून बिचारा पुन्हा टाइप करतो, आणि तीन नगांचे सहा होतात.

वेबहूक नोडमध्ये, म्हणजे स्लॅकची कमांड जिथे येऊन पोचते तिथे, उत्तर कधी द्यायचं हे ठरवता येतं. तिथे ‘इमिजिएटली’ निवडा. पोच लगेच जाईल, बाकीचं काम मागे सावकाश होऊ दे. कमांडबरोबर स्लॅक ‘रिस्पॉन्स यूआरएल’ पाठवतो. तो ३० मिनिटं चालतो आणि त्यावर पाच वेळा उत्तर देता येतं. काम संपलं की तिथे लिहा : ‘जॉब ४१२, ३ नग, ब्लोहोल, नोंद झाली. आज या जॉबवर एकूण ७.’ तो ‘एकूण ७’ महत्त्वाचा. स्वतःच्या हिशेबात चार आणि उत्तरात सात दिसले, तर ऑपरेटर तिथल्या तिथे सांगेल, महिनाअखेरीला भांडण्यापेक्षा बरं. रिपोर्ट दर नोंदीला ताजा करायची तर काहीच गरज नाही, तासाला एकदा केलात तरी चालतं.

कोणी सुचवेल की जॉबकार्ड, नग आणि कारण तिन्ही सारखे असले तर दुसरी नोंद अडवा. तसं करू नका. एकाच शिफ्टमध्ये एकाच जॉबवर तीन-तीन नग दोनदा खरंच रिजेक्ट होऊ शकतात. चॅनलमधले साधे मेसेज ऐकणारा वर्कफ्लो असता तर गोष्ट वेगळी होती. तिथे पोच मिळाली नाही तर स्लॅक तोच इव्हेंट (मेसेज आल्याची वर्दी) आणखी तीन वेळा पाठवून बघतो, पण त्याचा इव्हेंट आयडी तोच राहतो, आणि त्यावर युनिक लावून दुसरा अडवता येतो. तुमच्याकडे माणूसच दुसऱ्यांदा टाइप करतो, आणि स्लॅकच्या लेखी ती वेगळी कमांड आहे.

आता न पडणाऱ्या नोंदी. पत्रासोबत पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मला कारण दिसलं. एका ऑपरेटरच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे. त्याने नगांच्या जागी देवनागरी ‘३’ लिहिला आहे. वाचणाऱ्याला तो तीनच, पण पोस्टग्रेसच्या इंटिजर कॉलमला ते अक्षर वाटतं आणि तो ओळ परत फेकतो. त्याला इंग्रजी आकडे टाकायला सांगू नका, दोन दिवसांत विसरेल, आणि त्याने का लक्षात ठेवावं? ओळ घालायच्या आधी पोस्टग्रेसच्या ट्रान्सलेट फंक्शनने दहाही देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घ्या. एका ओळीचं काम आहे. जॉबकार्ड नंबरलाही तेच लावा, नाहीतर एकच जॉब दोन लिप्यांत दोन जॉब होऊन बसेल, आणि तिथे एररसुद्धा येणार नाही.

स्क्रीनशॉटमध्ये आणखी एक दिसलं. तुमच्या क्वेरीत ऑपरेटरचं वाक्य थेट अवतरणचिन्हांत चिकटवलं आहे. कोणी कारणात अपॉस्ट्रॉफी टाकली की क्वेरी मोडेल, आणि कोणी खोडसाळपणे टाकली तर टेबलही जाईल. पोस्टग्रेस नोडमध्ये क्वेरी पॅरामीटर द्यायची जागा आहे. क्वेरीत डॉलर एक, डॉलर दोन असं लिहा आणि त्या जागी भरायची माहिती वेगळी द्या. वेबहूकचा पत्ता ज्याला माहीत तो कोणीही नोंद घालू शकतो, म्हणून स्लॅकची सहीही तपासून घ्या. त्यासाठी लागणारं साइनिंग सीक्रेट स्लॅक ॲपच्या सेटिंगमध्ये मिळतं.

चुकून दोनदा पडलेल्या जुन्या ओळी मात्र डिलीट करू नका. उणे तीनची उलट नोंद घाला, कारणात ‘दुबार’ लिहा. ऑडिटला कोणी आलं तर दाखवायला बरं पडतं.

प्रश्न : लासलगावला आमची कांद्याची पेढी आहे. मुलाच्या आग्रहाने स्लॅक घेतलं, फुकटवालं. रोजचे लिलावाचे भाव आमचे मुनीमजी चॅनलवर टाकतात. सगळं तिथे आहेच, मग मुलगा म्हणतो तसा डेटाबेस वेगळा कशाला?

उत्तर : काका, मागच्या उन्हाळ्यातला एखादा भाव आज स्लॅकवर शोधून बघा. फुकटच्या प्लॅनमध्ये ९० दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत, आणि वर्षापेक्षा जुने मेसेज स्लॅक काढूनच टाकतं. मुलगा बरोबर सांगतोय. आज जे दिसतंय ते आधी एक्सपोर्ट करून ठेवा.

मग मुनीमजींसाठी एनएटएनचा साधा फॉर्म करा : तारीख, बाजार समिती, कांद्याचा प्रकार, आवक, किमान, कमाल, सरासरी, क्विंटलचे भाव. फॉर्म भरला की ओळ टेबलमध्ये आणि तोच भाव चॅनलवर, दोन्ही एका झटक्यात. तारीख, समिती आणि प्रकार मिळून युनिक ठेवा आणि इन्सर्टला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ जोडा, म्हणजे सकाळ-दुपारच्या सत्रांत भाव बदलला तर तीच ओळ सुधारेल. सत्रांचा वेगळा हिशेब हवा असेल तर सत्रही त्यात घ्या. उन्हाळ कांदा आणि लाल कांदा एका सरासरीत मिसळू नका. हे तुम्हाला सांगायला नको, पण फॉर्म बनवणाऱ्याला सांगावं लागतं.

प्रश्न : गंगापूर रोडला आमचे क्लासेस आहेत. स्लॅक-बिक नको, पालक व्हॉट्सॲपवरच आहेत. फी थकली की डेटाबेसमधून थेट मेसेज जाईल का?

उत्तर : जाईल, पण अधिकृत बिझनेस प्लॅटफॉर्मवरून. आपण होऊन पाठवायचा मेसेज आधी मंजूर करून घेतलेल्या टेम्प्लेटचा असावा लागतो. पालकाने स्वतः लिहिलं, तर २४ तास मोकळेपणाने उत्तर देता येतं. क्यूआर कोड स्कॅन करून स्वतःच्या नंबरवरून शेकडो मेसेज सोडणारी स्वस्त साधनं घेऊ नका. नंबर बंद झाला तर ॲडमिशनच्या दिवसांत रडायची वेळ येईल. शिक्षकांना आपापसांत कळवायला टेलिग्रामचा बॉट फुकट आणि सोपा, बॉटफादरकडून टोकन घेतलं की झालं. आणि थकलेल्या फीची यादी ग्रुपवर टाकू नका, एकेका पालकाला खासगीत कळवा.

प्रश्न : ताई, सातपूरला प्रेसशॉप आहे. कालच्या उत्पादनाचा रिपोर्ट सकाळी आठला स्लॅकवर यावा म्हणून शेड्यूल लावलं. तो येतो संध्याकाळी साडेसहाला. आम्ही त्याची सवय करून घेतली, तर मार्चमध्ये एके दिवशी आपोआप साडेपाचला यायला लागला. कोणी हात लावलेला नाही, सीसीटीव्ही बघितला.

उत्तर : सीसीटीव्ही बघितलात हे वाचून मी खूप हसले. तुमचा रिपोर्ट रोज अगदी वेळेवर, सकाळी आठलाच येतोय. न्यूयॉर्कच्या सकाळी आठला. आपल्या मशीनवर बसवलेल्या एनएटएनमध्ये वेळेचा विभाग सांगितला नाही तर तो न्यूयॉर्कचा धरतो. हिवाळ्यात तिथे आठ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे करतात, त्या दिवशी तुमचा रिपोर्टही तासभर आधी आला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो परत साडेसहावर गेला असता.

एनएटएनच्या सेटिंगमध्ये ‘जेनेरिक टाइमझोन’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘एशिया कोलकाता’ करा. प्रत्येक वर्कफ्लोच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही टाइमझोन असतो, तोही बघा. कोणी तिथे वेगळा निवडून ठेवला असेल तर त्याचंच चालतं.

वेळ सुधारली की रिपोर्टमधले आकडेही तपासा, मला तिथेही शंका आहे. डेटाबेस यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर त्याची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. शिवाय तुमची तिसरी शिफ्ट रात्री अकरा ते सकाळी सात. ‘काल’ म्हणजे कॅलेंडरचा काल धरलात तर ती शिफ्ट चिरली जाते, थोडं उत्पादन एका दिवसात, बाकीचं दुसऱ्यात, आणि नाइटचा सुपरवायझर रोज कमी पडल्यासारखा दिसतो. वेळेचा कॉलम टाइमस्टॅम्प विथ टाइमझोन असू द्या. क्वेरीत ती वेळ आधी कोलकात्याच्या विभागात आणा, त्यातून सात तास वजा करा आणि मग तारीख काढा. सकाळी सात ते दुसऱ्या सकाळी सात असा तुमचा कारखान्याचा दिवस तयार होईल. मग आठला येणाऱ्या रिपोर्टमध्ये तिसरी शिफ्ट पुरी असेल, फक्त सात वाजता सुटणाऱ्यांनी शेवटच्या नोंदी आठच्या आत टाकायला हव्यात. बदल केल्यावर एनएटएन रीस्टार्ट करा आणि वर्कफ्लो पुन्हा ॲक्टिव्ह झालाय ना, ते बघा. हे सगळं शनिवारीच करून घेतलंत तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी निवांत तपासता येईल.